आप्पांचा अंगठा

ते कोपऱ्यातलं खोकं बघताय ना? त्याला तेवढा हात लावू नका. बसा, सांगतो.

माझे वडील, भिकनआप्पा, सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावात झेरॉक्सचं दुकान चालवायचे. त्यांच्या स्कॅनरचं झाकण मोडलेलं. दुरुस्त करतील तर शपथ. कागद काचेवर ठेवायचा, वरून हाताने दाबायचा आणि आतला दिवा थांबेपर्यंत हात काढायचा नाही, ही त्यांची रीत. त्यामुळे प्रत्येक कॉपीच्या कोपऱ्यात त्यांचा चपटा झालेला अंगठा उमटायचा. लोक चिडवायचे, "भिकनभाऊ, तुन्हा अंगठा उठना, आते आमनी सही कसाले?"

गेल्या भादव्यात तापीला पूर आला. आप्पा पाणी बघायला काठावर गेले, ते परत आलेच नाहीत. चपला सापडल्या, देह नाही. माझी आई, रंजनाबाई, हिने कुंकू पुसलं नाही. जेवायला बसताना ती त्यांचं ताट वाढायची आणि मला ते बघवत नसे.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरतात, म्हणजे त्याची तहान भागते. आप्पांची बहीण, कमलफुई, सकाळीच कोरी घागर घेऊन आली आणि तिने ती गव्हावर मांडलीही.

"वहिनी, भरी टाक. भाऊ पानीबिगर फिरी ऱ्हायना व्हई."

"जित्ता मानूसनी घागर कोनी भरस का?" आई म्हणाली आणि घागरीला खेटून राखणीला बसली. फुई रागाने ओट्यावर जाऊन बसली. घरात सगळं ठप्प.

मी आपला माझ्या खटपटीत होतो. आप्पांच्या त्या जुन्या स्कॅनरचा मी कॅमेरा बनवत होतो. त्याची काच काढली, दिव्यावर काळी पट्टी चिकटवली, पुठ्ठ्याचं खोकं करून पुढे भिंगाची काच बसवली आणि वायर लॅपटॉपला जोडली. आपला मोबाइल सगळं एका क्षणात टिपतो. हा तसा नाही. हा समोरची एकेक रेघ वाचत, डावीकडून उजवीकडे सरकतो. चित्राची डावी कड आधीची, उजवी कड नंतरची. मधे काही हललं, तर ते वाकडंतिकडं येतं. म्हणून मला न हलणारं काहीतरी हवं होतं, आणि घरात तशा दोनच गोष्टी होत्या. घागर आणि आई.

"माय, हालू नको."

तिने डोळे मिटले. मी बटण दाबलं. खोक्यात घरघर सुरू झाली. बाहेर रणरणतं ऊन, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. पडद्यावर रेघेला रेघ लागून आई उमटू लागली. श्वासाने तिच्या पदराची किनार लाटांसारखी आली होती. मग घागरीची डावी कड आली, फिकट, कोरडी.

तेवढ्यात वास आला. कोऱ्या मडक्यात पहिल्यांदा पाणी ओतलं की येतो, तो. मला वाटलं, फुईने बाहेर काही ओतलं असेल. पण पडद्यावर घागर मध्यावर येताच गडद झाली. अर्धी कोरडी, अर्धी ओली... उजव्या अंगावर पाझराचे थेंब एकेक करून उमटत होते.

मी मान वर केली. घागर काठोकाठ भरली होती. जमीन कोरडी, आईचे हात कोरडे. मी भ्यालो नाही, खरं सांगतो. देवळात आपोआप हात जोडले जातात, तसे माझे जोडले गेले.

आईने डोळे उघडले. "पानी कोनी भरं...?"

तिने ओंजळ भरून घेतली. आखाजीच्या उन्हात तापी कशी निवळशंख असते. हे पाणी तांबडं होतं, गाळाचं, पुरातलं. तिने एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"तुन्हा बाप उना, हेमकांत," ती हळूच म्हणाली. उना, म्हणजे आला.

मग तिने फुईला आत बोलावलं. घागरीवर सांजोरी आणि आंबा स्वतःच्या हाताने ठेवला, निखाऱ्यावर आप्पांच्या नावाचा घास टाकला आणि पदराने कुंकू पुसलं. त्या दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मीही रडलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळं वाटलं.

संध्याकाळी मी ते चित्र नीट पाहायला घेतलं. खाली उजव्या कोपऱ्यात, चित्र संपतं तिथे, एक अंगठा होता. काचेवर दाबल्यावर होतो तसा चपटा, पांढरा. फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. स्कॅनरची काच तर मी काढून माळ्यावर टाकली होती.

भिंगावर जाड कापड बांधून मी पुन्हा बटण दाबलं. सगळं काळं आलं. कोपऱ्यात अंगठा तसाच.

मी वायर काढायला हात पुढे केला, तर आईने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यानी अजून हात काढा नही."