थांबली की जड होणारी बोट

"आणखी एक प्रश्न विचारलास, तर सरळ काठावर उतरवीन. मग उरलेली सुट्टी मामीबरोबर बटाटे सोलत बस," व्हर्नन मामाने दम भरला आणि गळ पुन्हा पाण्यात भिरकावला.

बारा वर्षांच्या मेरिलने तोंड मिटलं. धरणातले बास मासे अंडी घालायला काठाशी येतात ते हेच वसंतातले दिवस. त्यांची ती वर्षभर वाट बघत होती. शिवाय आजोबांनी जिवापाड जपलेली बोट आज पहिल्यांदाच मामाच्या हाती दिली होती. पण बोटीच्या तळाशी पाणी साचत होतं, मागचा भाग मघापेक्षा खाली गेला होता, आणि तिचं लक्ष राहूनराहून तिकडेच जात होतं.

मासे ठेवायच्या टाकीचं पाणी सांडलं असेल, असं मामा आधी म्हणाला होता. मग ढग आले, पाऊस सपासप झोडपून गेला आणि मामाला आयतंच दुसरं कारण मिळालं. लगेच ऊनही पडलं. काठावरच्या डॉगवुडच्या झाडांचा पांढरा बहर चमकायला लागला. तिचा धाकटा भाऊ टकर मात्र पाय वर घेऊन बसला होता.

"पाऊस थांबला ना गं? मग पाणी का वाढतंय?" तो कुजबुजला.

"येताना बोट धावत होती तेव्हा कोरडी होती," मेरिल म्हणाली. तिच्या डोक्यात एक शंका आली होती.

पण मामाला सांगून उपयोग नव्हता. त्याला माशांपुढे दुसरं काही दिसत नव्हतं. तर मग मासाच दाखवायचा!

"मामा, त्या खडकापाशी केवढा बास उसळला!"

मामाने ताबडतोब मोटर सुरू केली. बोट नाक वर करून सुसाट सुटली, वेगामुळे मागचं पाणी भराभर बाहेर ओढलं गेलं आणि ते ज्यातून जात होतं ते तळाशी असलेलं गोल भोक उघडं पडलं. बोट थांबताच त्यातून पाणी पुन्हा आत यायला लागलं. आता बटाटे सोलावे लागले तरी बेहत्तर, असं मेरिलने ठरवलं.

"मासाबिसा काही नव्हता, मामा. तू बुचाशिवाय बोट पाण्यात घातलीस."

आजोबा बोट काठावर ओढली की आतलं पाणी निघून जावं म्हणून बूच काढून ठेवत. मामाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने खिशात हात घातला. गाडीच्या किल्लीला एक काळं रबरी बूच लटकत होतं.

"विसरू नये म्हणून अडकवलं होतं," तो ओशाळून म्हणाला. घरापासून धरणापर्यंत ते त्याच्या डोळ्यांसमोरच झुलत आलं होतं.

मामाने बोट पुन्हा पळवली. पाणी उतरलं तसं मेरिलने कोपरापर्यंत हात घालून बूच भोकात घट्ट फिरवून बसवलं.

धक्क्यावर आजोबा उभेच होते. भिजलेल्या पायांकडे त्यांची नजर गेली, तेव्हा मामाने काही न लपवता सगळं सांगून टाकलं. बोट बाहेर ओढल्यावर आजोबांनी बूच काढलं, दोरीत ओवलं आणि मेरिलच्या गळ्यात घातलं.

"यापुढे ही पोरगी आल्याशिवाय माझी बोट पाण्यात उतरायची नाही," ते म्हणाले. मेरिलने हसत ते बूच मुठीत घट्ट धरलं.

त्या संध्याकाळचे बटाटे मामाने सोलले.