तोंड फिरवलेला दगड

"ऊठ ना त्या दगडावरून! वीगांडआजोबा ओरडतील!" अल्माची मामेबहीण येटे म्हणाली.

अल्मा ढिम्म हलली नाही. सुट्टीसाठी ती शहरातून एगोनमामाकडे हासेलग्रुंडला आली होती, आणि आल्यापासून तिचं तोंड पडलेलं होतं. पाच घरं, पाव भाजायची एक सामाईक भट्टी आणि एक लिंडेनचं झाड. संपली वाडी! बससुद्धा पलीकडच्या ओबरविंडेन गावात थांबायची.

आता ते झाडही जाणार होतं. रस्ता रुंद करायला ओबरविंडेनच्या सरपंचबाई दुपारी करवतवाले आणणार होत्या. अल्मा बसली होती तो हद्दीचा दगड झाडाच्या अलीकडे, म्हणजे झाड ओबरविंडेनचं! जुन्या नकाशात झाडाचा पत्ताच नव्हता. दगड दाखवेल ती हद्द.

भट्टी पेटली की सगळी वाडी या झाडाखाली गरमागरम प्लमचा केक खायची. आज मात्र तिथल्या बाकावर शेजारचे वीगांडआजोबा एकटेच बसले होते, सकाळपासून अगदी गप्प. त्यांच्याकडे बघून येटेच्या धाकट्या भावाला, योस्टला, सारखं रडू येत होतं.

"येटे, दगडावरचं हे 'एच' म्हणजे तुमचं हासेलग्रुंड ना?" अल्माने खाली वाकून विचारलं. "मग ते ओबरविंडेनकडे का बघतंय?"

"रुसलं असेल!" योस्ट म्हणाला.

"गप रे! बाकी सगळ्या दगडांवर 'एच' आपल्याकडे बघतं." येटे ताडकन उठली. "म्हणजे हा कुणीतरी उपटून उलटा बसवलाय!"

दगडावर एक ओरखडा होता, आणि त्यात निळा रंग. निळा नांगर वाडीत एकच होता. येटेच्या बाबांचा!

तिघंही गोठ्याकडे पळाली. ओरखड्याचं ऐकून एगोनमामा कानापर्यंत लाल झाला. "अगं, पेरणीची घाई होती. नांगर लागला, दगड आडवा झाला. लावला की परत! साधारण तिथेच!"

"साधारण?" तिघं एकदम किंचाळली.

"नक्की कुठे होता, बाबा?"

"आता काय आठवणार!"

मुलं धावत आजोबांकडे गेली. सगळं ऐकून आजोबांचा हात आपोआप कानाकडे गेला.

"माझ्या कानाला आठवतंय! आम्हाला हद्द फिरायला न्यायचे, तेव्हा प्रत्येक दगडापाशी मोठी माणसं पोरांचे कान पिरगाळायची. जागा विसरू नये म्हणून! या दगडापाशी मी कळवळून वर पाहिलं, तर टेकडीवरच्या चर्चच्या टोकावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा थेट आपल्या भट्टीच्या धुराड्यावर बसलेला दिसला!"

"मग बोलला का नाहीत?"

"दगड आता आहे तिथून कोंबडा धुराड्याच्या बाजूला दिसतो ना. मला वाटलं, मीच म्हातारा झालो, मलाच नीट आठवत नाही."

मुलं झाडापलीकडे, शेताच्या कडेने धावली.

"अजून डावीकडे! अजून! थांब... बसला! कोंबडा बसला!"

तेवढ्यात करवतवाल्यांची गाडी आली. सरपंचबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कोंबड्याची साक्ष कशी धरू, बाळांनो?"

"मग दगडाच्या मूळ जागेखालची धरा," आजोबा म्हणाले. "जुने लोक तिथे भाजलेल्या मातीची खूण गुपचूप पुरून ठेवायचे. दगड हलला, तरी खूण हलत नाही."

"खरंय. आमच्याकडे निघाल्यात तशा. खणा! खूण निघाली, तर करवती परत!"

कोंबडा बसला होता त्या जागी एगोनमामाने फावडं मारलं. माती, मुळं, पुन्हा माती. करवतवाल्याने घड्याळ पाहिलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले. योस्ट खड्ड्यात उतरून हातांनीच उकरू लागला.

"टणक! काहीतरी टणक लागलं!"

लाल मातीची छोटी खापरी! एका बाजूला हासेलग्रुंडची खूण, दुसऱ्या बाजूला ओबरविंडेनची. सरपंचबाईंनी ती पुसून आजोबांच्या तळहातावर ठेवली.

"झाड तुमचं, वीगांड! रस्ता आम्ही वळवू. आणि एगोन, तुझ्यापेक्षा ही पोरं शहाणी!"

आजोबांनी खोडावरून हात फिरवला.

आठवड्याने मोजणीवाल्यांनी दगड जागेवर बसवला. भट्टी पेटली, केकचा वास सुटला. आजोबांनी योस्टचा कान पिरगाळला, मग येटेचा. एगोनमामाचा तर चांगलाच!

"आई गं!" मामा ओरडला. सगळे पोट धरून हसले.

अल्मा मात्र मागेच उभी होती. ती काय, पाहुणी! सुट्टी संपली की जाणार.

"तू का लांब?" आजोबांनी हाक मारली. "ज्यांनी विसरायचं नाही, त्यांचेच कान पिरगाळतो आम्ही!"

अल्माने धावत येऊन केस मागे सारले आणि कान पुढे केला.