लंगड्या रिंगा

"पाना?"

"घेतला!"

"मास्कचे जादा पट्टे?"

"घेतले!"

"तोंडात धरायचं रबर?"

"तेही घेतलं. भोपळ्या, खाऊन टाकू नकोस हं!" पिशवी भरता भरता शंकासुर ताईच्या यादीला उत्तरं देत होता.

एरवी यावर भोपळा असा गडगडून हसला असता, की फळीवरचे डबे उड्या मारत खाली आले असते. आज त्याने मानसुद्धा वर केली नाही.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ शंकासुर सुट्टीला मावशीकडे आले होते. भोपळा हा मावशीचा मुलगा. मावशी आणि भोपळ्याचे बाबा पाहुण्यांना समुद्राच्या तळाची सैर घडवत. गेल्या आठवड्यात मात्र बाबा पाण्याखालून एकदम वर आले. खोलातून असं सुसाट वर आलं की रक्तात बुडबुडे होतात; तेव्हापासून त्यांचे पाय हलेनासे झाले. ते हॉस्पिटलात होते. आज पाहुण्यांना घेऊन मावशी एकटीच पाण्यात उतरणार होती.

"घाबरला बिचारा!" मावशीचे थोरले भाऊ, म्हणजे मामा, येईल-जाईल त्याला सांगत. "भसाभसा हवा ओढली, टाकी संपवली नि आला सुसाट वर!"

बोटीवरच्या सामानाची दुरुस्ती मामांकडे होती. टाकून देणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. खिशात जुने स्क्रू इतके, की ते चालायला लागले की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना वाटे, घोडागाडी आली!

ताईने सुट्या भागांचा डबा उघडला. काळ्या रबरी रिंगा ग्रीसने चकचकत होत्या. नळी टाकीला जोडते तिथे ही रिंग बसते आणि हवा अडवून धरते. एवढीशी चीज, पण सगळा जीव तिच्यावर!

"शर्यत लावू या?" भोपळ्याला जरा हसवावं म्हणून शंकासुर म्हणाला. त्याने डब्याचं झाकण तिरकं धरलं आणि दोन रिंगा सोडल्या.

एक सरळ घरंगळत गेली. दुसरी लटपटली आणि आडवी झाली.

"माझी लंगडी आहे! दुसरी घेतो." तीही पडली. तिसरीही!

ताईने एक रिंग बोटांत धरून वाकवली. एका बाजूने ती चपटी होती आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसत होत्या.

"ही वापरलेली आहे," ताई हळूच म्हणाली.

"पण मावशी तर जुनी रिंग काढली की कात्रीने कापून टाकायला सांगते! परत डब्यात जाऊ नये म्हणून!" शंकासुर म्हणाला.

भोपळा पांढराफटक पडला. "बाबांच्या टाकीला याच डब्यातली रिंग होती. आणि आता आईच्या..."

रिंग घेऊन तिघं मामांकडे धावत सुटली.

"टाकायच्या कशाला?" मामा हसले. "मीच धुतल्या, ग्रीस लावलं. नव्याच्या तोंडात मारतील! चला, पळा इथून!"

मावशी बोटीवर टाक्या चढवत होती. "दादाचं काम दादाला कळतं, रे. मला उशीर होतोय," ती म्हणाली.

आता? शंकासुराने डोळा मिचकावला आणि परत मामांकडे गेला.

"मामा, ही दोघं ऐकतच नाहीत हो! मी म्हटलं, मामांनी बसवलेली रिंग हत्तीने ओढली तरी हलायची नाही. एकदा दाखवाच सगळ्यांना!"

मामा फुलून ढोल झाले. "बोलाव तुझ्या मावशीलाही!" मावशी घड्याळ बघत आली.

सामान धुवायच्या हौदात त्यांनी टाकी उभी केली, लंगडी रिंग घालून नळी जोडली आणि हवा सोडली. एकही बुडबुडा नाही!

"बघितलंत?"

"पाण्याखाली माणूस पुतळ्यासारखा उभा राहतो होय?" भोपळा म्हणाला. त्याने नळी धरून एक हिसका दिला.

फट्ट!

हौद उसळला. सगळे भिजून चिंब झाले. हवा किंचाळत बाहेर पडत होती आणि टाकीचा काटा झरझर खाली येत होता. मामांनी धडपडत टाकी बंद केली.

मावशीने पाहुण्यांना परत पाठवलं. मग कात्री घेतली आणि खाली बसून डब्यातली एकेक लंगडी रिंग कापत राहिली.

संध्याकाळी सगळे हॉस्पिटलात गेले. मामा खाटेपाशी उभे राहिले.

"तू घाबरला नव्हतास रे," ते म्हणाले. "जुनी रिंग मी ठेवली होती."

बाबांनी मावशीकडे मान वळवली. मग विचारलं, "ही उतरली नाही ना पाण्यात?"

"पोरांनी उतरू दिलं नाही!" मावशी म्हणाली. "मी मोठी, पण मलाही दिसलं नाही ते यांना दिसलं."

"शाबास रे वाघांनो!" बाबा म्हणाले.

ताईला हसू आलं आणि रडूही. भोपळा खाटेच्या पायथ्याशी गेला आणि त्याने बाबांच्या पावलांवर हात ठेवला.

"बाबा, कळतंय?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "पण हात काढू नकोस."