लाइट आली, म्हणून फोन केला

मे महिन्यातल्या त्या सकाळी टेबलावरचा फोन चाळिसाव्यांदा वाजला, आणि अंबिकाच्या पोटात चाळिसाव्यांदा गोळा आला.

झाशीच्या वीज तक्रार केंद्रात ती चार महिन्यांपूर्वी लागली होती. काम तसं सोपं. लाइट गेली की लोक फोन करत, तिनं पत्ता लिहून घ्यायचा. पण हा उन्हाळा, बंद पडलेले पंखे, आणि राग काढायला सगळ्या शहराला सापडलेला एकच कान... हल्ली डब्यातली पोळी तशीच परत जायची. झोप तुटक झाली होती. आदल्या दिवशी तिनं राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

"बहनजी, चार घंटे हो गए," पलीकडचा पुरुष गरजला. "नगरा से बोल रहा हूँ, बर्फ के कारखाने से. सारी बर्फ पानी हो रही है. आप लोग वहाँ बैठे-बैठे करते क्या हैं?"

"अहो, मी तरी काय करू..." ती पुटपुटली, अगदी घरच्या भाषेत. आणि तिला रडूच कोसळलं.

पलीकडून चाचपडत प्रश्न आला— "तुम्ही... मराठी आहात?"

तिनं रिसीव्हर ठेवून दिला.

तासाभरानं पुन्हा तोच आवाज. या वेळी मऊ, आणि झाशीतच वाढलेल्यांच्या हिंदी वळणाच्या मराठीत. "नगऱ्यातून मार्तंड बोलतोय. लाइट आली, म्हणून फोन केला."

"लाइट आल्यावर कुणी फोन करत नाही," ती कोरडेपणानं म्हणाली.

"हो... पण मघाशी मी फार वाईट बोललो. मला माफी मागायचा होता."

"मागायची होती."

"तेच ते."

अंबिकाला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा राहिला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, सदऱ्याच्या बाह्या ओल्याचिंब. "मार्तंड," तो ओशाळून म्हणाला. "तुमच्या पाण्याच्या माठासाठी आणली..."

अंबिकाच्या एका हातात घास होता, मानेत रिसीव्हर अडकवलेला.

"तुम्ही असं जेवता?"

"फोन थांबत नाही ना."

"मग पंधरा मिनिटं मी घेतो. पत्ताच लिहायचा ना? जा तुम्ही बाहेर."

खरं तर तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण ती डबा घेऊन बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसली. खिडकीतून त्याचा आवाज येत होता— "जी भाईसाहब... जी... अब इसमें मेरे पिताजी कहाँ से आ गए?"

हसत हसत तिनं दोन्ही पोळ्या संपवल्या. आत आली तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

"रोज असंच असतं?" त्यानं हळूच विचारलं.

"रोज."

"आणि काल मीही त्यातलाच..."

"हो, तुम्हीही होतात," ती म्हणाली. तिनं त्याला सोडलं नाही. मग मान खाली घालून— "पण परत फोन करणारे तुम्ही एकटेच."

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पोटातला गोळा नव्हता. फक्त पंधरा मिनिटं... चार महिने ती स्वतःलाच कमकुवत म्हणत आली होती. पण तो धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत घामाघूम झाला होता, आणि ती आठ-आठ तास एकटी बसत होती.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. "साहब, मुझसे अकेले नहीं होता."

इतके दिवस तिला याच वाक्याची भीती वाटत होती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पहले क्यों नहीं बताया?"

दर दोन तासांनी शेजारच्या खोलीत बिलं पाहणाऱ्या कमलताईंशी जागा बदलायची, जेवणाचा अर्धा तास मोकळा ठेवायचा, असं ठरलं. राजीनामा तिनं फाडून टाकला.

लोकांचं ओरडणं काही थांबलं नाही. पण आता वाईट फोन झाला की ती घोटभर पाणी प्यायची, खिडकीबाहेर पाहायची, आणि मगच पुढचा फोन उचलायची. संध्याकाळी लक्ष्मी ताल या तळ्याकाठी फेरी मारायची. मार्तंडही तिथे भेटायचा— 'योगायोगानं', अगदी रोज. तिथे विजेचा विषय काढायचा नाही, असा तिचा नियम होता. तो ऐकायचा, आणि तिच्याकडे बघत बघत ठेचकाळायचा.

जूनच्या अखेरीस, महालक्ष्मीच्या देवळातून बाहेर पडताना तो अचानक थांबला.

"अंबिकाजी... मला तुमच्याशी लग्न करायची आहे."

तिनं तळ्याकडे पाहिलं. ओठ दाबून धरले, तरी हसू गालावर आलंच.

"करायचं."

"काय?"

"लग्न करायची नसते. लग्न करायचं असतं."

"मग... करायचं?"

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "बाबांना मराठीची चूक मुळीच चालत नाही. चला, पुन्हा म्हणा बघू."

तो पुन्हा म्हणाला— या वेळी अगदी बिनचूक. तरीही तिनं त्याला ते आणखी तीनदा म्हणायला लावलं.