सदाच्या खुणा

मच्छीमार सोसायटीच्या नकाशाच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. थळपलीकडच्या त्या लहानशा बंदरात भरदुपारी ओहोटी लागली होती. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास ऑफिसात भरला होता आणि सुचिता एकटीच कॉम्प्युटरपुढं बसली होती. होड्यांवरच्या मोबाईलना समुद्राचा नकाशा पुरवायचा, हे काम तिचं. नवरा सदा तांडेल तीन खलाशांसकट बुडाला, त्याला सहा महिने झाले होते. चौघांपैकी एकाचंही प्रेत हाती लागलं नव्हतं. कामात डोकं घातलं की तिचा दिवस कसाबसा सरायचा.

नव्या आवृत्तीत एक सोय चांगली होती. कुठली होडी काय मागते आणि तिला काय मिळत नाही, हे आता पडद्यावर ओळीनं दिसत होतं. सुचिता कौतुकानं बघत होती. वीस ओळी ओळखीच्या होत्या. एकविसावी तिनं दोनदा वाचली.

ती 'धनलक्ष्मी'ची होती, म्हणजे सदाच्या होडीची. मागणी होती 'सदाच्या खुणा'. पुढं लाल अक्षरांत लिहिलं होतं: उपलब्ध नाही.

कुठला खडक टाळायचा, कुठला माड देवळाच्या कळसाशी जुळला की बंदराकडं वळायचं, हे सारं सदानं सांगितलं होतं आणि तिनं नकाशावर काढलं होतं. तो गेल्यावर तिला ते बघवेना, म्हणून तिनंच त्या खुणा बंद केल्या होत्या. आता दर मिनिटाला तीच मागणी येत होती, होडी बुडाली त्याच जागेवरून. सहा महिने तो वाट विचारत होता आणि आपण कान बंद करून बसलो, या विचारानं तिला स्वतःचीच चीड आली.

तिनं सासूला, ठमाबाईला, फोन लावून सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली,

"ज्याचं दिवस घातलं... त्याला वाट दावू नये गो."

पण सुचिताचं मन ऐकेना. तिनं खुणा चालू केल्या. लाल ओळ हिरवी झाली आणि ती सहा महिन्यांत प्रथमच पोटभर रडली.

अर्ध्या तासानं सासूचाच फोन आला. आवाज दबलेला होता.

"सुचिता... दारात मानसं उभी हायत. वली चिंब. मी मोजली... अकरा हायत."

"आणि... हे?"

"सदा न्हाय त्यांच्यात. म्हनतात, तो मागच्यांना घेऊन येतोय... तू बंद कर गो ते."

पडद्यावर ओळी वाढतच होत्या. त्यात तिच्या जन्माआधी बुडालेल्या होड्यांचीही नावं होती. त्या काळी इथं कुणाकडं मोबाईल नव्हता. सगळ्यात शेवटी 'धनलक्ष्मी' होती, अजून तिथंच.

खुणा बंद केल्या तर सदा कायमचा मागं राहणार होता. सुचितानं माऊसवरचा हात काढून घेतला.