पिवळ्या चौकटीतली पंधरा मिनिटं

प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर सगळ्यात वर शोधखिडकी होती. रिकामी चौकट आणि शेजारी भिंगाचं चित्र. कागदावरच्या भिंगाला बोट लावून काय शोधणार? एरवी जुईली हसली असती. आत्ता तिने कागद मोजले. पाण्यात न भिजणारे पाचच कागद शिल्लक होते आणि त्यातले तीन या भंगार छपाईत गेले होते.

साल २०६४. शैवालशेतीचा तराफा किनाऱ्यापासून चार किलोमीटर आत होता. त्याच्याखाली तीस मीटरवर तळठाणं (समुद्रतळावरची, बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाची हवाबंद खोली) होतं आणि तिथे जुईलीची आई, सुगंधा तांडेल, दोन जोडीदारांसह दुपारी कामाला उतरली होती. तेवढ्यात सौरवादळाचा (सूर्यावरून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाचा) इशारा आला आणि तारा जळू नयेत म्हणून खालची वीज आपोआप तुटली. खालचे पडदे काळे पडले, बोलणं बंद झालं. हवा तेवढी दोन तास पुरणार होती.

मग सरळ वर का यायचं नाही? खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याच्या रक्तात बुडबुडे होतात. त्याने माणूस लुळा पडतो, मरतोही. म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबावं लागतं. खाली डोकं जड होतं, त्यामुळे पाणबुडे आठवणीवर जात नाहीत. समोर लिहिलेलं असेल तेच करतात. थांब्यांचा तो तक्ता तराफ्याच्या विकीवर (सगळ्यांनी मिळून लिहायच्या संगणकी वहीवर) होता. तो छापून दोरीला बांधलेल्या पेटीतून खाली सोडायचा होता.

आणि छापून काय आलं? पहिल्या कागदावर विकीच्या पानांची यादी, शोधखिडकी आणि ‘प्रवेश करा’. दुसऱ्यावर प्रत्येक मथळ्यापाशी ‘संपादन करा’ आणि अर्धा तक्ता. मिनिटांचा रकाना तिसऱ्यावर. विकीची मांडणी करणाऱ्यांनी कागदाचा विचारच केला नव्हता. का करतील? त्यांना कुठे पाण्याखाली उतरायचं होतं.

रहाटापाशी भिवाआजोबा होते. सुगंधाचे मामा, सागरी उपकरणांचे जुने शास्त्रज्ञ. दोरी सोडून त्यांना हलता येत नव्हतं. जुईलीने रडवेल्या आवाजात विचारलं की नको ते सगळं पुसून टाकू का. आजोबा खेकसले की खबरदार, पुसलंस तर ते सगळ्यांच्याच पडद्यावरून जाईल. मग जरा नरमून त्यांनी समजावलं. विकीचं पान म्हणजे एक चित्र नव्हे, सुट्या तुकड्यांची मोळी आहे. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावता येते. कुठली चिठ्ठी असलेला तुकडा कसा दिसावा, हे शैलीपत्रकात (दिसण्याच्या नियमांच्या यादीत) लिहिलेलं असतं. त्यात पडद्यासाठी एक नियम आणि छपाईसाठी दुसरा, असं करता येतं.

“म्हणजे शाळेचा गणवेश आणि घरचे कपडे?”

“तसंच. पोरगी तीच. ‘छपाई-नको’ नावाची चिठ्ठी कर. छपाईच्या नियमात लिही, ही चिठ्ठी असलेलं काही दाखवायचं नाही. पडद्याच्या नियमाला हात लावू नकोस.”

जुईलीने भराभर चिठ्ठ्या लावल्या. यादी, शोधखिडकी, संपादनाची बटणं. तळाशी एक पिवळी चौकट होती. ‘सूचना’ असा मथळा दिसताच तिने तिलाही लावली, कारण पिवळ्या चौकटीत नेहमी ‘हे पान अपुरं आहे’ असलंच काहीतरी असतं. पूर्वदृश्यात (छापण्याआधीच्या नमुन्यात) पान एका कागदावर बसलं. तक्ता अखंड, अक्षर ठळक. तिने छापलं, आजोबांनी पेटी सोडली आणि दोरीला खालून दोन हिसके बसले. मिळालं.

जुईलीने श्वास सोडला. पडद्यावर यादी, बटणं, पिवळी चौकट, सगळं जागच्या जागी होतं. लपवलेलं आणि पुसलेलं यात हा फरक, असं मनाशी म्हणत तिने चौकट पहिल्यांदा नीट वाचली.

‘पाणी थंड असल्यास तीन मीटरवरचा शेवटचा थांबा वीस नव्हे, पस्तीस मिनिटं.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. आजचं पाणी थंडच होतं. तक्ता लिहिला होता कुशाकाकांनी. ते तराफ्याचे पहिले पाणबुडे, आता हयात नव्हते. त्यांचा आकडा खोडायचा नाही, अशी इथली रीत. चूक सापडली की खाली पिवळी चौकट करायची आणि आदराने गप्प बसायचं. शहाण्यासुरत्या माणसांनी जिवावरची गोष्ट तळटिपेत ठेवली होती, आणि जुईलीने ती लपवली होती.

तिने धावत जाऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिवी घातली आणि म्हणाले, “रड नंतर. चिठ्ठी काढ.”

तिने त्या एका चौकटीची चिठ्ठी काढली. या वेळी पूर्वदृश्य शब्दन् शब्द वाचलं, आणि मगच शेवटचा कागद यंत्रात सरकवला. पेटी खाली गेली. दोन हिसके आले नाहीत. बहुतेक तिघंही ठाणं सोडून निघाली होती. पेटी त्यांच्या वाटेतच लटकत होती. दिसली असेल का?

बऱ्याच वेळाने तीन मीटरवरच्या आडव्या दांडीशी तीन सावल्या आल्या. आजोबांनी किल्लीचं घड्याळ पुढे धरलं. आयुष्यात पहिल्यांदा जुईलीला वाटत होतं, आई, वर येऊ नकोस.

अठरा मिनिटं. एकोणीस. वीस. एक सावली हलली. जुईलीने आजोबांचा दंड आवळला. सावली जोडीदाराकडे वळली, त्याच्या हातात कागदासारखं काहीतरी पांढरं चमकलं, आणि ती पुन्हा दांडीला लटकली.

एकवीस. बावीस. आता जुईली खुशाल रडली.

छत्तिसाव्या मिनिटाला सुगंधाने तराफ्यावर पाय ठेवला, मुखवटा काढला आणि पहिलं काय विचारलं, तर दोन कागद कुठल्या शहाण्याने पाठवले म्हणून. जुईलीने सगळं कबूल केलं. आईने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. मग तिने ओल्या हाताने लेकीला जवळ ओढलं आणि तशीच संगणकापाशी नेऊन बसवलं.

“तक्त्यातच लिही. पस्तीस.”

“कुशाकाकांचा आकडा?”

“विकी जुनं काही फेकत नाही,” आजोबा म्हणाले. “इतिहासात त्यांचे वीस राहतील. कुणालाही बघता येतील. तक्त्यात मात्र खरं तेच हवं.”

जुईलीने पस्तीस लिहिलं. मग ‘छपाई-नको’च्या शेजारी तिने आणखी एक चिठ्ठी केली, ‘कागदावर हवंच’, आणि विकीवरची बाकीची पानं एकेक करून उघडायला घेतली. अजून चाळीस पिवळ्या चौकटी वाचायच्या होत्या. अंधारता अंधारता आकाशात सौरवादळाची पहिली लालसर झाक उमटली. आजोबा किनाऱ्यावर कागद मागवायची यादी करायला बसले.