पांढऱ्या छऱ्यांचे वजन

“माझ्या मुलाने लबाडी केली की नाही, एवढंच मला सांगा,” इरावती बापट म्हणाल्या. “केली असेल, तरीही सांगा.”

पेनरोज या कारखान्यांच्या उपनगरात, मालट्रकांची अखंड ये-जा असलेल्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या माथ्यावर सुनीती देवस्थळी यांचे कार्यालय होते. खाजगी तपास हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे मावसभाऊ शिरीषराव आयुष्यभर औषधविक्रेते होते. निवृत्तीनंतर ते येथे येऊन बसत, आणि आपल्यावाचून बहिणीचे अडते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

इरावतीबाई हॅमिल्टनच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. बोलताना त्या समोर पाहत नव्हत्या.

“हॅमिल्टनबाहेरच्या पाइनच्या रानात आपली मंडळी दर रविवारी एअरसॉफ्ट खेळतात, ताई. खेळातल्या बंदुका, प्लास्टिकचे छर्रे. गेल्या रविवारी माझ्या नितीशच्या छऱ्याने त्याच्याबरोबर खेळणाऱ्या शुभमचा पुढचा दात तुटला. दोघांमध्ये इतकं अंतर होतं, की नियमातला छर्रा नुसता टोचला असता.”

“नियमातला आहे हे कसं ठरतं?”

“सामन्याआधी चाचणी होते. समीर बर्वे घेतो, क्लब तोच चालवतो. वेगमापकासमोर प्रत्येक बंदुकीतून क्लबच्या बाटलीतले छर्रे उडवतात. ते हलके असतात, पॉइंट टू ग्रॅमचे. सर्वांना एकच छर्रा, म्हणजे तुलना होते. सकाळी नितीशची बंदूक नियमात बसली. अपघातानंतर समीरने सर्वांसमोर नवं पाकीट फोडून पुन्हा मोजली, तर वेग भलताच जास्त. त्याची बंदूक दाबाच्या हवेवर चालते. चाचणीनंतर त्याने दाब वाढवला, असं सगळे म्हणतात.”

“दाब सहज वाढवता येतो?”

“लहानशी किल्ली लागते. चाचणी झाली की समीर त्या जागी नायलॉनची पट्टी आवळतो. पट्टी शाबूत होती. पण तशी पट्टी कुठल्याही दुकानात मिळते ना.”

“आणि नितीश काय म्हणतो?”

इरावतीबाईंनी पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला. “ड्यूटी संपवून मी तिथेच गेले होते. शुभमच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. नितीश म्हणत होता, ‘आई, आय डिडन्ट टच इट.’ मी ऐकलंच नाही. सगळ्यांच्या देखत त्याला कान धरायला लावले. बावीस वर्षांच्या मुलाला. त्याने धरले. दुसऱ्या दिवशी तो टौरंग्याला मित्राकडे निघून गेला. माझा फोन घेत नाही. शनिवारी सभा आहे. त्याला क्लबमधून काढणार आणि पोलिसांत तक्रार देणार.”

त्या गेल्यावर शिरीषराव म्हणाले, “सुनीती, हे तर उघड आहे. पोराने किल्ली फिरवली.”

“दादा, तुला सगळं आधी उघड दिसतं आणि मग हळूहळू झाकलं जातं,” सुनीतीबाई म्हणाल्या. “तुझा औषधांचा ताजवा बरोबर घे.”

*

शंतनू हा क्लबचा लांबून नेम धरणारा खेळाडू. हॅमिल्टनमधल्या आपल्या गॅरेजात तो लांब नळीची बंदूक पुसत बसला होता.

“त्या दिवशी सगळ्यांच्याच बंदुकांचा वेग कमी आला,” तो म्हणाला. “समीर म्हणाला, इथली ऑक्टोबरची थंडी आहे, गॅस गारठतो. आम्ही म्हटलं, स्वीट ॲज, चालेल की. नितीशची तर फारच खाली होती. समीरच म्हणाला, लेका, मर्यादेच्या काठापर्यंत वाढव की. त्याने तिथेच टेबलापाशी वाढवली, मग समीरने पट्टी आवळली. बाकीच्यांना मैदानावर वाढवता येत नाही, आम्ही तसेच खेळलो.”

“तुझीही गॅसची?”

“छे हो! माझी स्प्रिंगची. खेचायची आणि सोडायची. एरवी माझी काठाला टेकलेली असते, त्या दिवशी कितीतरी खाली.”

“मग खेळ कसा झाला?”

“विचारू नका, मावशी! मी जड छर्रे वापरतो, पॉइंट फोरचे. वारा त्यांना ढकलत नाही. नळीतलं एक रबर छऱ्याला फिरकी देतं, त्यावर तो तरंगत लांब जातो. ते रबर वजनाप्रमाणे बसवावं लागतं. वेगवेगळी वजनं उडवून बघत मी महिनाभर मागच्या अंगणात घाम गाळलाय. आणि रविवारी एकेक छर्रा पतंगासारखा आभाळात! शुभम म्हणाला, खाली माणसं आहेत, वर फक्त देव आहे.” तो हसला आणि शुभमच्या आठवणीने ओशाळला. “मग बंदूक अडकलीच. आतून काय निघावं? तांदळाचा दाणा. बायको म्हणते, डब्यातला पुलाव.”

“शिजलेला होता?”

“नाही, टणक होता. तांबूस.”

“बीट घातलं असेल,” शिरीषरावांनी निकाल दिला.

“छर्रे घरूनच नेले होते का?” सुनीतीबाईंनी विचारले.

“माझी बॅग शनिवारपासून समीरकडेच होती. सकाळी तोच गाडीतून सगळ्यांचं सामान आणतो.”

सुनीतीबाईंनी त्याच्या बाटलीतले मूठभर छर्रे मागून घेतले.

*

समीर बर्वे दुग्धप्रक्रियेच्या कारखान्यात अभियंता होता. त्याच्या अंगणात गवत कापण्याचे यंत्र उभे होते. यंत्राच्या मुठीवर प्लास्टिकच्या झेंडूची माळ आणि पत्र्यावर कुंकवाचे बोट. पायरीवर एक वृद्ध गृहस्थ ऊन घेत बसले होते. पुण्याहून मुलाकडे आलेले समीरचे वडील, सुरेशकाका.

“या यंत्रालाही गंध?” शिरीषरावांना हसू आवरले नाही.

“परवाच्या रविवारी दसरा झाला ना,” सुरेशकाका म्हणाले. “ज्याच्या बळावर आपले काम चालते, त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत. इथे घोडा नाही, नांगर नाही. म्हटले, मोवर तर मोवर. आत या, चहा होतोच आहे.”

समीर नम्रपणे बोलला, पण त्याची दृष्टी सारखी वडिलांच्या पाठीकडे जात होती.

“चाचणीची बाटली पाहू?” सुनीतीबाई म्हणाल्या.

त्याने क्लबची खूण असलेली बाटली आणून दिली. आतले छर्रे शुभ्र, कोरे होते. झाकणाच्या आतल्या काठाला मात्र बारीक पिवळे वळे होते. सुनीतीबाईंनी ते हुंगले. शिरीषरावांनी छर्रे ताजव्यात टाकले.

“अगदी बरोबर. पॉइंट टू,” ते खिन्नपणे म्हणाले.

“दर रविवारी तुम्ही यांचं वजन तपासता?”

“नेहमी. नियमच आहे तसा.”

“त्या रविवारीही?”

“त्या दिवशी...” समीर थांबला. “त्या दिवशी घाई होती.”

“बाटली तीच आहे?”

“तीच.”

बाहेर गाडीत बसल्यावर सुनीतीबाईंनी शंतनूचे छर्रे ताजव्यात घातले, आकडा पाहिला आणि ताजवा मिटून ठेवला.

“किती भरले?” शिरीषरावांनी विचारले.

“मला भीती होती तेवढेच,” त्या म्हणाल्या. “दादा, हे प्रकरण लबाडीचं नाही. लबाडी असती तर बरं झालं असतं.”

*

शनिवारी दुपारी समीरच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. शंतनू आला. शुभम ओठावर रुमाल धरून बसला. इरावतीबाई दाराजवळच्या खुर्चीत होत्या. सुरेशकाका कोपऱ्यात, कुणाला आपली अडचण होऊ नये अशा बेताने बसले होते.

“नितीशची बंदूक अपघाताच्या वेळी नियमाबाहेर होती, यात वाद नाही,” सुनीतीबाईंनी प्रारंभ केला. “प्रश्न एवढाच, की ती चाचणीनंतर नियमाबाहेर गेली, की चाचणीनेच तिला नियमाबाहेर नेलं?”

“चाचणीने?” शुभम रुमालाआडून म्हणाला.

“सकाळी सगळ्यांचाच वेग कमी आला. थंडीचं कारण दिलं गेलं. थंडीने गॅस मंदावतो, हे खरं. पण शंतनूच्या बंदुकीत गॅस नाही, स्प्रिंग आहे. तिला ऑक्टोबरच्या थंडीचं काय? तिचाही वेग घटला. तेव्हा दोष बंदुकांत नव्हता. सर्व बंदुकांत समान असं एकच काही होतं, चाचणीच्या बाटलीतले छर्रे. ते जड असले पाहिजेत. जड छर्रा सावकाश निघतो.”

“पण मी तोलले होते!” शिरीषराव उद्गारले. “पॉइंट टू!”

“त्याकडे येते. त्याच दिवशी शंतनूचे छर्रे आभाळात गेले. त्याचं रबर जड छऱ्यासाठी बसवलेलं. तेवढी फिरकी हलक्या छऱ्याला मिळाली, तर तो वरच उसळणार. म्हणजे चाचणीच्या बाटलीत जड आणि जड छऱ्यांच्या बाटलीत हलके. दोन्ही एकाच गाडीतून, एकाच घरून आले होते. शंतनू, तू दिलेले छर्रे मी तोलले. ते पॉइंट टूचे आहेत. तू पॉइंट फोर समजून अजून तेच बाळगून आहेस.”

शंतनूने तोंडावर हात ठेवला.

“मग नितीशचं काय झालं?” त्याने विचारले.

“दुप्पट वजनाचा छर्रा उडवून त्याची बंदूक मंद दिसली. त्याला वाढवायला सांगितलं, त्याने सर्वांसमोर वाढवली. जड छऱ्याने काठ गाठला, तेव्हा तिचा जोर नियमाच्या दुप्पट झाला होता. त्यावर पट्टी आवळली गेली. ती शेवटपर्यंत शाबूत होती, कारण तिला कुणी हात लावला नाही. मुलगा पहिल्यापासून हेच सांगत होता.”

इरावतीबाईंनी डोळे मिटले.

“पण छर्रे बदलले कुणी?” शुभमने विचारले.

सुनीतीबाईंनी एकवार सुरेशकाकांकडे पाहिले. त्यांनी आवाज खाली आणला.

“शंतनूच्या बंदुकीत कच्चा, तांबूस तांदूळ सापडला. कुंकू लावलेली अक्षता. चाचणीच्या बाटलीच्या झाकणाला हळद होती, वास अजून येतो. त्या रविवारी दसरा होता, आणि या घरात गवत कापायच्या यंत्राचीही पूजा झाली. मग बंदुका कशा सुटतील? सुरेशकाका, छर्रे आपण बाटल्यांतून बाहेर काढले होते का?”

सुरेशकाका सरळ बसले. “काढले होते. प्लास्टिकच्या बाटलीला गंध काय लावायचे? दोन चांदीच्या वाट्यांत ओतले. हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. नंतर परत भरून ठेवले. दोन्ही सारखेच पांढरे होते, बाई. मला वाटले, छर्रे ते छर्रे.”

“वजनात फरक असतो, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. यात आपला अपराध नाही. अपराध असला, तर पुढचा आहे.” त्या समीरकडे वळल्या. “बाटली तीच, झाकणाला हळद, आणि आतले छर्रे मात्र कोरे. म्हणजे रविवारनंतर कुणीतरी जुने टाकून, बाटली धुऊन, योग्य वजनाचे भरले. बाटली धुतली, झाकण राहून गेलं. ती बाटली तुमच्याच ताब्यात असते.”

समीर उठला, पुन्हा बसला.

“त्या सकाळी मी वजन केलं नाही,” तो म्हणाला. “घाई नव्हती. बाबांनी पूजलेले छर्रे पुन्हा ताजव्यात घालायचे, म्हणजे त्यांचा हात तपासायचा असं वाटलं. संध्याकाळी घरी येऊन तोलले. सगळं कळलं. वाटलं, उद्या सांगू. मग नितीश निघून गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर बाबांना कळणार, की त्यांच्या पूजेमुळे एका मुलाचा दात गेला. या वयात, परक्या देशात, त्यांना मान खाली घालायला लागू नये म्हणून...”

“म्हणून तू त्या पोराला मान खाली घालायला लावलीस,” सुरेशकाका म्हणाले.

ते मोठ्याने बोलले नव्हते.

“मला विचारले असतेस, तर मी त्याच रात्री त्याच्या दारी गेलो असतो. माझ्या हातून चूक झाली. चुकीची लाज वाटते, पण ती सोसवते. तू माझे नाव पुढे करून स्वतःला झाकलेस, समीर. ही लाज मी कुठे ठेवू?”

समीरने ओंजळीत तोंड झाकले.

सुरेशकाका उठले. शुभमपुढे येऊन त्यांनी हात जोडले. शुभम गडबडून उभा राहिला आणि “काका, काय हे, प्लीज,” म्हणत त्यांचे हात धरू लागला. मग ते इरावतीबाईंना म्हणाले, “मुली, मला टौरंग्याला घेऊन चल. आत्ताच.”

*

डोंगर ओलांडून गाडी टौरंग्याला पोचली, तेव्हा बंदराच्या बाजूला ऊन कलले होते. सुनीतीबाई आणि शिरीषराव मागे बसले होते.

नितीशने दार उघडले. आईला पाहून तो तसाच उभा राहिला.

सुरेशकाकांनी सर्व सांगितले. एकही शब्द गाळला नाही, समीरचे वागणेही नाही. नितीशने ते खाली मान घालून ऐकले.

“इट्स ओके, आजोबा,” तो अखेर म्हणाला. “यू डिडन्ट नो.”

मग त्याने आईकडे पाहिले.

“मी तुझं ऐकलं नाही,” इरावतीबाई म्हणाल्या. “चुकले मी, नितीश.”

“आता यांनी प्रूव्ह केलं, म्हणून आलीस.” तो तुटक मराठीत, सावकाश बोलला. “नसतं केलं, तर?”

शिरीषराव काही बोलणार होते. सुनीतीबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. या प्रश्नाचे उत्तर शोधून देणे त्यांचे काम नव्हते.

“तर नसते आले,” इरावतीबाई म्हणाल्या.

नितीशने चमकून आईकडे पाहिले. या उत्तराची त्याने अपेक्षा केली नसावी. मग सुरेशकाकांना आधार देत तो त्यांना आत घेऊन गेला. दार त्याने लोटले नाही.

इरावतीबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ‘ये’ असे कुणी म्हटले नाही. ते मागून घेण्याचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळत होते, आणि तरीही त्या तेथून हलल्या नाहीत.